काका की मामा?

शुक्रवार, ६ मार्च २०१५, स्टुटगार्ट

बाराशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रँक सरदारावरून काल आमच्या स्वयंपाकघरात वाद! सईला त्याच्या घराण्यावर शाळेत बोलायचं होतं. वडील लढाईत गेले, मुलाला ओंकेलनं वाढवलं, एवढं मी मराठीत सांगितलं तर सासूबाईंनी लाटणं थांबवून विचारलं, “काका की मामा?”

“ओंकेल इस्ट ओंकेल, आजी,” सई म्हणाली. जर्मनमध्ये काका काय, मामा काय, दोघेही ओंकेलच.

“असं कसं? काका असेल तर त्याचा डोळा गादीवर. आम्ही पुण्याचे, आम्हाला नका सांगू. मामा असेल तर पोर सुखरूप.”

“अहो आई, आता काय फरक पडतो?” का म्हणाले मी असं? आज ऑफिसात मीटिंगभर माझ्याही डोक्यात तेच, काका की मामा?

सईनं आज बाईंना विचारलंच. त्यांनी जुनं पुस्तक काढलं, त्यात ‘ओहाइम’ होतं. पूर्वीच्या जर्मनमध्ये म्हणे आईच्या भावालाच हा शब्द. मामाच! सासूबाईंनी लगेच शिरा केला, जणू सरदार आमच्याच नात्यातला.

संध्याकाळी नाशिकहून माझ्या भावाचा फोन आला. सईचा तो कायम ओंकेल. ‘मामा’ ती मला म्हणते, इथली मुलं आईला म्हणतात तसं. आज तिनं फोन घेतला आणि ओरडली, “मामा!”

“काय गं?” मी सवयीनं विचारलं.

“नाइन, तू नाही,” ती म्हणाली. “माझा मामा.”