उलट्या टेबलातली कॅप्टन

प्रिय दादा,

विज्ञानकथांच्या तुझ्या नव्या संग्रहासाठी दिलेली माझी कथा तू 'सुधारून' परत पाठवलीस, त्याला महिना झाला. राग निवला की लिहीन म्हटलं. तो काही निवायचं नाव घेत नाही.

माझ्या कथेत दोन सूर्यांचा ग्रह आहे, विचार करणारं शेवाळ आहे, मेल्यावर शंभर वर्षांनी उठून बसणारा खलाशी आहे. हे सगळं तू बिनतक्रार गिळलंस. घास अडकला तो यानाच्या कॅप्टनपाशी, कारण ती बाई आणि तिचा नवरा यानाचं स्वयंपाकघर सांभाळतो. वाचकांना पटणार नाही, म्हणे! म्हणून कॅप्टन पुरुष केलास आणि तिला त्याची नर्स. शेवाळाला मात्र हात लावला नाहीस.

आठवतं, जेवणाचं टेबल उलटं करून आपण यान करायचो? कॅप्टन कायम तूच. मी पृथ्वीवर, म्हणजे कॉटखाली, तुझ्या निरोपाची वाट बघत. एकदा मी टेबलात चढून बसले तर आईनं मलाच उतरवलं, त्याला खेळू दे म्हणाली. तू दुष्ट नव्हतास रे. तुला कधी कुणी उतरवलंच नाही, एवढंच. आजही तेच चाललंय. संपादक तू, प्रकाशक तुझा मित्र, बक्षिसं देणारे तुमच्यातलेच. हजार वर्षं पुढचं जग रंगवता आणि तिथेही चहा बाईच आणते. संताप येतो मला, दादा, अगदी अंगाची लाही होते.

आणि वहिनी? लग्न झाल्यापासून तुझ्या प्रत्येक पुस्तकाची शेवटची प्रुफं तीच वाचते. तिनं वाचलंय ना, मग झालं, म्हणून तू न बघता सही ठोकतोस. पुस्तकात तिचे आभारसुद्धा नसतात.

भांडायला बसले नव्हते, पण भांडून झालं. कळवायचं होतं ते वेगळंच. संग्रह छापून झाला. छापखान्यातून पहिली प्रत घेऊन वहिनी आज थेट माझ्याकडे आली. तू सही केलेल्या प्रुफात तिनं माझी मूळ कथा जशीच्या तशी परत घातली होती. कॅप्टन बाईच आहे. तिच्यावर ओरडायला घरभर शोधू नकोस. ती आता इथेच राहणार आहे, बॅग घेऊनच आली आहे. तुझी प्रत पोस्टानं पाठवतेय. या वेळी तरी वाच.

तुझीच,
कॉटखालची