चौदा दिवसांची हजेरी

१८ जून २०२०, पेण

माझी दुपारची झोप आज सार्वजनिक हितासाठी संपादित झाली. मोबदला नाही, नोटीस नाही, हरकती मागवल्या नाहीत! ‘साथीच्या काळात मोफत कायदेशीर सल्ला, दुपारी दोन ते चार’ — आणि फलकावर खाली माझा नंबर. तालुक्यात इतके वकील. विधी सेवा समितीनं नेमका घोरणारा निवडला.

१९ जून

गडबहून फोन. “मुंबईवरनं भाऊ आलाय. त्याला घरात घ्यायलाच पायजे का? कायद्यानं सांगा.”
घर कोणाच्या नावावर?
“वडलांच्या.”
मग हाच प्रश्न तोही विचारू शकतो तुमच्याबद्दल! — फोन बंद.

नंतर रोह्याच्या कुठल्याशा कंपनीतला मॅनेजर. क्वारंटाईनमधल्या कामगाराची रजा आजारपणाची धरायची की किरकोळ? “त्याला तापच नाही हो,” ही तक्रार. फॉर्म भरता यावा म्हणून त्यानं ताप आणायचा काय!

२ जुलै

जोह्याहून बायजा नावाची बाई. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. मूर्ती रंगून झाली की सगळ्यात शेवटी डोळे. त्या कारखान्यात ते काम तिचंच. तिथली मालू पॉझिटिव्ह निघाली, अजून दवाखान्यात आहे. हिच्यासकट बाकीच्या आठ जणींना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं, आज सोडलं. मालक हैबतराव म्हणतो, “शाळेत झोपा काढल्या, त्याचा पगार मागता व्हय?”

मी कायदा सांगितला. पूर्ण पगाराचा मार्चमधला हुकूम मेमध्ये मागे घेतला. आता कोर्ट म्हणतं, मालक-कामगारांनी आपसात बोलून मिटवा.

“म्हंजे कागदात आमी नाय.”

अर्ध्यामुर्ध्या आहात, म्हटलं. मग माझी हुशारी! किती मूर्तींचे डोळे बाकी?
“तीनशे.”
मग कुंचल्याला हात लावू नका. आधी पगार, मग डोळे. वीस वर्षांच्या वकिलीतला सर्वांत धारदार सल्ला, तोही फुकट!

“देवाला आंधला ठेवून सौदा करू? काय बोलता वो सायेब!”

लाज वाटायला हवी होती. राग आला.

३ जुलै

बायजा कामावर गेली. बिनशर्त! अशानं वकील उपाशी मरतात.

२१ जुलै

तिचाच फोन. “उद्या आखनी सरंल. मंग शेठशी बोलायचं हाय. तुमी या.”
काय बोलू मी?
“काय नको. नुसतं उभं ऱ्हावा.”

२२ जुलै

जोह्याला गेलो. खरं सांगायचं तर गंमत बघायला.

शेवटच्या पाच मूर्ती राहिल्या होत्या. बायजा मूर्तीसमोर उकिडवी बसते, श्वास रोखते, एका ओढीत वरची पापणी काढते. मग खालची. मग बुबुळ. तोवर ती माती असते, रंगवलेली. आणि मग — काय लिहू? समोर कोणीतरी असतं. माझ्या नकळत मी चपला काढल्या होत्या.

शेवटची झाली. तिनं कुंचला धुतला, हैबतरावाला हाक मारली. बाकीच्या सात जणी मागे उभ्या.

“शेठ, आता बोला. चौदा दिवसांचं काय?”

“बाहेर ओटीवर बोलू ना गो.”

“नाय. हितंच.”

तीनशे मूर्ती. सहाशे डोळे. महिनाभर या बायकांपुढे ‘धंदा बुडाला’ म्हणून रडणारा माणूस! एका मूर्तीकडे पाठ केली तर दुसरी समोर. मास्क वर ओढला, खाली ओढला. कोणी आवाज चढवला नाही.

“ऑर्डरी कमी हायत, पन... आगाऊ पैसे आलेत,” तो हळूच म्हणाला. “देतो. आठी जनींचे.”

“नऊ.”

“मालूचे? तिच्यामुलं कारखाना बंद पडला माजा!”

“आजार तिनं मागवला नव्हता शेठ. दवाखान्यात हाय तवर तिची बी हजेरी लावा. सांगा — हितं उभं ऱ्हावून सांगा, लावत नाय म्हनून.”

त्याला नाही सांगता आलं. हात जोडले, तिला की तिच्या मागच्या मूर्तींच्या रांगेला, कळलं नाही. मग म्हणाला, “लाव गो. नऊ.”

माझ्या पिशवीत परिपत्रकांच्या प्रती होत्या. बाहेर काढल्याच नाहीत.

२३ जुलै

आज कोणाचीही टिंगल सुचत नाही. प्रकृती बिघडली असावी.

२४ जुलै

सरूकडे जाऊन आलो. आमच्याकडे नऊ वर्षं धुणंभांडी करते. चार महिन्यांच्या पगाराचं पाकीट दिलं.

“आवो, पन मी आलेच कुठं कामाला?”

येऊ नको असं मीच सांगितलं होतं, म्हटलं.