चाकामागचा डबा

मॉरिसव्हिल,
१६ जुलै २००६

प्रिय बाबा,

सविनय जय भीम.

आम्ही परवा युरोपहून परतलो. फोनवर मी तुम्हाला फक्त हवा आणि जेवण सांगितलं. बाकीचं लिहायचं ठेवलं, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणून विषय संपवता.

लग्नाच्या वेळी मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला लावली होती. अतुलचे वडील बँकेत अधिकारी, आई मुख्याध्यापिका. म्हणून 'बांधकाम खात्यात होतो' एवढंच म्हणा, असं मी म्हटलं. तुम्ही तेवढंच म्हणालात. तुम्ही त्या खात्यात एकतीस वर्षं साहेबांची जीप चालवली, हे या घरात पाच वर्षं कुणाला माहीत नव्हतं. त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत.

म्युनिकच्या विमानतळावर आम्ही भाड्याची गाडी घ्यायला गेलो. अतुल, मी आणि सासूबाई. अतुलने महिनाभर आधी इंटरनेटवर बुकिंग केलं होतं. दारं किती, मागे बॅगा किती मावतील, सगळं पाहिलं होतं. गिअर पाहिले नव्हते. अमेरिकेत ते पाहावे लागत नाहीत, गाडी ते आपले आपण बदलते. अतुल पुण्यात स्कूटर चालवायचा, गाडी इथे येऊन शिकला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, चार दिवस एकही ऑटोमॅटिक नाही. आमचं हॉटेल ऑस्ट्रियात, डोंगरात, जिथे बस जात नाही अशा गावी. सासूबाईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. त्या म्हणाल्या, "काय रे, आठ वर्षं अमेरिकेत राहून तुला गाडी येत नाही?" "येते गं आई, ही नाही येत." मी पर्समधून लायसन्स काढलं आणि त्या मुलीला म्हटलं, माझं नाव घाला. अतुल म्हणाला, "अगं, ही क्लचवाली आहे यार." मी म्हटलं, माहीत आहे.

पहिला तासभर माझा डावा हात दाराकडे जात होता. तिथे गिअर उजव्या हाताला. पाय मात्र चुकले नाहीत.

घाटात रस्त्याचं काम चालू होतं. ऐन चढावर लाल दिवा लागला. मागे ट्रक, इतका जवळ की आरशात नुसती त्याची जाळी. अतुल सारखा मागे वळून पाहत होता. मला तुमच्या खात्याच्या गॅरेजमागचा चढ आठवला. रविवारी कुणाची तरी जीप मागून घेऊन तुम्ही मला तिथे गाडी शिकवायला न्यायचात, आणि मागच्या चाकामागे आपला जेवणाचा डबा ठेवायचात. जीप मागे आली तर डबा गेला. एकदाच गेला. त्या दिवशी तुम्ही चेपलेल्या डब्यातूनच जेवलात आणि म्हणालात, भाजी चांगली झाली आहे.

दिवा हिरवा झाला. क्लच अर्ध्यावर आणला, गाडी थरथरली, ब्रेक सोडला. गाडी बोटभरसुद्धा मागे गेली नाही.

अतुलने मागे पाहणं थांबवलं. मग सासूबाई म्हणाल्या, "इतका साफ हात कुणी शिकवला गं?" मी सांगितलं. माझे वडील ड्रायव्हर होते, त्यांनी. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. हे बोलताना माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं.

पुढे दोन वळणं गेली. "मग लग्नात का नाही सांगितलंस?" सासूबाईंनी विचारलं. मला लाज वाटली, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुला वाटली, ठीक. त्यांना काय वाटलं असेल?"

मी गिअर बदलून पुढचं वळण घेतलं. माफी मागितली तर तुम्ही "बरं, बरं" म्हणाल. म्हणून मागत नाही, कागदावर लिहून ठेवते: चूक माझी होती.

सासूबाई भारतात परत जात आहेत आणि २० ऑगस्टला विमानाने नागपूरला येतील, मुद्दाम तुम्हाला भेटायला. त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईने लिहिते आहे. शेजारच्या शैलेंद्रने नवी गाडी घेतली आहे म्हणे. सासूबाईंना विमानतळावरून आणायला तीच मागा. तो सोबत ड्रायव्हर देऊ करेल. घेऊ नका.

तुमचीच,
मीरा