कुणासारखं माणूस हवं

सोमवार, ३ तारीख

कॉन्व्हेंट शाळेत नाटकाच्या वेळी मदर आमच्याकडून कामांची यादी करून घ्यायच्या. म्हणायच्या, नुसतं काम लिहू नका. ते करणारं माणूस डोळ्यांसमोर आणा आणि पुढे त्याचं नाव पेन्सिलीने लिहा. मी आणि भोंगा एका बाकावर. तिचा आवाज पार गेटापर्यंत जायचा, म्हणून भोंगा. दोघींत एकच खोडरबर, मधोमध कापलेला. माझा तुकडा अजून कंपासपेटीत आहे.

आज ती युक्ती कामी आली. भाच्याने नवा धंदा काढलाय, वयस्कांना घरपोच औषधं. म्हणाला, मावशी, माणसं किती लागतील ते तूच ठरव आणि तूच नेम. निवृत्तीनंतर पुन्हा स्वतःचं टेबल! दोन खोल्या, ओल्या रंगाचा वास. त्याचा अंदाज वीस जणांचा. मी विचारलं, औषधं पोचवायचीत की वरात काढायचीय? सुरुवातीला तिघी पुरे.

भिंतीवर कागद लावला. फोन घ्यायला भोंगा. पत्ते लक्षात ठेवायला ताई, म्हणजे भाच्याची आई. तिला अख्खं गाव तोंडपाठ. तक्रारींना उत्तरं लिहायला माझी लेक. म्हणजे त्यांच्यासारख्या बायका शोधायच्या.

बुधवार, ५

फोनसाठी एक बाई आली. आवाज ऐकून हसूच फुटलं. हुबेहूब भोंगा! ‘अगं बाई’सुद्धा तस्संच ओढून. लगेच नेमली.

गंमत सांगायला भोंग्याला फोन केला, तर तिच्या नवऱ्याने घेतला. सकाळपासून तिचा आवाज बसलाय म्हणे. वर म्हणाला, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घरात शांतता आहे, उपभोगून घेतो.

शनिवार, ८

भोंगा गेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. शेवटपर्यंत तोंड उघडत होती, आवाज नव्हता.

ऑफिसात ती नवी बाई फोनवर भोंग्याचं हसू हसत होती.

सोमवार, १०

मी नसताना भाच्याने पत्त्यांसाठी बाई नेमली. तिने मला आमच्या लहानपणच्या घराचा पत्ता सांगितला. जिना, डावीकडचं दार, तुटकी कडी. मी विचारलंही नव्हतं.

ताईकडे धावले. ताईने विचारलं, आपण कोण?

कागद फाडून टाकला.

मंगळवार, ११

कागद भिंतीवर आहे. अखंड. ताईचं नाव खोडलं — पुन्हा उमटलं. माझ्याच अक्षरात. वर माझं नाव लिहिलं, ते पुसलं गेलं. भरलेली जागा सुटत नाही.

लेकीची अजून भरलेली नाही.

बुधवार, १२

ताई गेली.

भाच्याला विनवलं, तिसरी नेमू नकोस. रडत म्हणाला, मावशी, दुःखाने तुझं डोकं फिरलंय. नेमणुकीचं पत्र कालच गेलंय. ती उद्या येणार.

लेकीचा फोन. हसत होती. म्हणाली, आई, आज बँकेत सहीच जमेना, म्हातारी झाले बघ मी —

गुरुवार

लेकीचं नाव खोडलं. उमटायच्या आत वर माझं लिहिलं. टिकलं, तिसरी अजून रुजू नव्हती. लेकीचा निरोप आला, सही जमली.

ती तिसरी आलीय. समोर बसून लिहितेय — माझं अक्षर, मदरनी वळण लावलेलं —

बोटं ऐकत नाहीत. पटकन —

भोंग्याची पत्रं तिच्या नवऱ्याला. त्यांत तिचा आवाज आहे.

ताईचा फोटो, माझं घड्याळ भाच्याला. त्याला दोष नको.

खोडरबर, ही वही लेकीला. तिला सांगा — कामापुढे आपल्या माणसाचं नाव कधीही लि