चौदाव्या प्रकरणाची चौकट

अण्णा,

‘प्रिय’ टाइप केलं होतं, मग पुसलं. आज ते लिहवत नाहीये.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तुमचं आत्मचरित्र ठेवायचं, असं दादानं ठरवलंय. आपणच छापून घ्यायचं, आणि फाइल छपाईजोगी करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. उद्या ती द्यायची आहे. म्हणून आज हे लिहितेय, कारण फाइल जाण्याआधी हे तुम्हाला सांगायलाच हवं.

काय करून ठेवलंत हो हे? अख्खं आयुष्य तुम्ही कंपनीच्या फॉर्मात टाइप केलंत! पानापानावर टेबल. वर आवृत्ती क्रमांक, खाली तारीख. आईशी लग्न झालं तेही टेबलात, मी जन्मले तेही टेबलात. पानाचा आकार पुस्तकाएवढा केला की निम्मा मजकूर पानाबाहेर जातो. ओळ सरकवायला स्पेसबार, नवं पान हवं तर एंटर, एंटर, एंटर. चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, कामाच्या सूचना वर्षानुवर्षं तुम्ही याच साच्यात बनवल्यात, कबूल. पण दुसरा कागदच माहीत नव्हता का तुम्हाला? महिनाभर ती टेबलं मोडून मला अक्षरशः वीट आला.

आणि प्रत्येक प्रकरणाखाली ती चौकट. ‘तयार केले’, पुढे तुमचं नाव. ‘तपासले’, पुढे पुन्हा तुमचंच नाव.

सुरुवातीला चौकटी पुसताना हसू यायचं. माझं प्रगतिपुस्तक आठवायचं. सगळ्या मार्कांची बेरीज स्वतः केल्याशिवाय तुम्ही त्यावर सही करायचा नाहीत. बाई रागवायच्या, मी रडायचे, पण तुमचं एकच, “तपासल्याशिवाय सही नाही.” तेवढा एक अभिमान मला तुमचा कायम होता.

चौदाव्या प्रकरणापाशी हात थांबला. ‘तयार केले’समोर तुमचं नाव होतं. ‘तपासले’समोर काहीच नाही.

विसरलात असं वाटलं. तुमची मूळ फाइल उघडून बाकीच्या एकवीस चौकटी परत पाहिल्या, सगळ्या भरलेल्या. मग ते प्रकरण वाचलं. तुमच्या हाताखाली प्रेस चालवणाऱ्या बाळूकाकांचा अपघात. उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली तो. बाकी पुस्तकात तुम्ही बोलता तसं लिहिलंय, आणि इथे एकदम ‘सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’. कंपनीचा रिपोर्ट उचलून चिकटवलाय. सदर कामगार? ज्यांच्या डब्यातली भाकरी तुम्ही रोज खाल्लीत, ते?

रविवारी मी चाकणच्या पुढे त्यांच्या गावी गेले. काकांनी डाव्या हातानं चहा ओतून दिला. मी त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं.

“असं न्हाई झालं पोरी,” ते म्हणाले. “हात आत गेला की मशीन थांबिवणारा सेन्सर व्हता. त्यो सारखा मशीन बंद पाडायचा. अण्णा म्हनले, बाळू, बायपास कर, गाडी उभी हाय मालासाठी. मी केला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो की. दवाखान्यात आले व्हते रिपोर्ट घेऊन. मी म्हनलं, अण्णा, ह्ये खरं हाय का? त्यांनी खाली बघितलं. मंग मीच अंगठा दिला. डावा.”

मला तिथेच तुमची शिसारी आली, अण्णा. खरंच आली. त्याच दिवाळीत तुम्ही शिफ्ट इनचार्ज झालात आणि मी बिल्डिंगभर पेढे वाटले. ते आठवून माझीही आली.

त्याहून संताप येतो त्या रिकाम्या जागेचा. खोटं लिहायला जमलं, पण त्याखाली ‘तपासले’ म्हणायला हात धजेना. मग खोडलं का नाहीत? बाळूकाका आपल्या घराजवळ, दिघीला लेकीकडे येऊन राहायचे, तेव्हा एकदा जाऊन माफी का मागितली नाहीत? तुमची लाज टेबलात भरून माझ्यासाठी ठेवून गेलात.

दादा म्हणतो, “तेवढं प्रकरण काढ ना. कोण वाचतंय?” काढणं सोपं आहे, दोन बटणांचं काम. मी नाही काढलं.

काकांनी सांगितलेलं टाइप करून परवा त्यांना वाचायला नेलं. मी लिहिलं होतं, ‘अण्णांनी सेन्सर बंद केला.’ काकांनी चष्मा लावला, डाव्या हातात पेन धरलं आणि ते वाक्य खोडलं. “बंद म्या केला. त्यांनी सांगितला. जे हाय तेच लिव्ह.” तुमच्यावर ढकलायची आयती संधी होती त्यांना, अण्णा.

मग त्यांनीच विचारलं, “ही खालची चौकट कशाची?” मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचलं. बोट ठेवून, सावकाश. आणि ‘तपासले’समोर आपलं नाव लिहिलं.

तर उद्याची फाइल अशी जाईल. एकवीस चौकटी पुसल्या आहेत. चौदाव्या प्रकरणात तुमचा मजकूर जसाच्या तसा, त्याखाली बाळूकाकांचा, आणि त्याखाली ती एक चौकट, त्यांच्या नावासह. दादा चिडेल, चिडू दे. पहिली प्रत तुमच्या फोटोपुढे ठेवायची असं त्यानं ठरवलंय. ती मी ठेवणार नाही. ती घेऊन मी बाळूकाकांकडे जाणार, आणि जी माफी तुम्ही मागितली नाहीत ती तुमचं नाव घेऊन मागणार. ते काय म्हणाले, ते तुम्हाला येऊन सांगेन. तोवर ‘प्रिय’ बाकी राहू दे.

तुमची,
सुजाता