हवालदारानं अन्न सोडलं

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? लेकीच्या घरी जिना नाही, तेव्हा आराम पडला असेल. जावईबापू तुझ्याकडून दाढी करून घेतात की अजून घाबरतात? इकडे दुकान बरं चाललं आहे. मी बरा आहे. तुझी भावजय बरी आहे. आपला कोंबडा, हवालदार, तेवढा बरा नाही.

त्याचं नाव वाचताच तू हे पत्र टेबलावर आपटणार, हे मला ठाऊक आहे. "एक तर हा कोंबडा दुकानात राहील, नाही तर मी!" असं म्हणून तू तुझ्या खुर्चीसमोरचा तो जमिनीपर्यंतचा आरसा उतरवलास, चादरीत गुंडाळलास आणि चालता झालास. मीही "खुशाल जा, इथे कुणाचं काही अडत नाही" म्हणालो. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावलेला असताना कोंबड्यानं आरशावर झेप घेणं वाईटच, हे मला मान्य आहे. (तेव्हाही होतं, फक्त तुझ्यासमोर नव्हतं.) पण दादा, तू गेल्यापासून त्यानं दाण्याला चोच लावलेली नाही. तुरा लोंबतो आहे, छातीचं हाड हाताला लागतं, आरवणं बंद. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, पण माझं राहतं. एकदा दुकान उघडायला गेलो तर पायरीवर तिघेजण दाढी खाजवत माझी वाट बघत बसलेले.

उपाय म्हणशील तर सगळे करून हात टेकले. मका भरडून दिला, कणी शिजवून दिली, पाव दुधात भिजवून दिला. हवालदार तुझ्या खुर्चीखाली जाऊन बसायचा आणि मी वाटी घेऊन त्याच्यामागे रांगत जायचो. शेवटी त्या खुर्चीखाली मी असा अडकलो की केस कापायला आलेल्या खाटकानं मला पाय धरून बाहेर ओढलं. (कोंबड्याला वाचवायला निघालेल्या माणसाला खाटकानं वाचवावं, याहून वेगळी अब्रू काय जायची? वर तो हवालदाराला हातात तोलून म्हणाला, "द्यायचा असेल तर आत्ताच द्या. आणखी वाळला तर मी घेणार नाही.") कंबर तेव्हाची. मग जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी त्याचे डोळे, जीभ, पोट सगळं तपासलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "याला काही झालेलं नाही. तुम्हीच जरा वजन करून घ्या."

दुखणं शेवटी सापडलं, पण माझ्या हुशारीनं नव्हे. हेडमास्तरांना मानेमागचे केस दाखवून झाले आणि मी हातआरसा खाली केला, तो नेमका हवालदाराच्या टोपलीसमोर. झालं! पंख फुलले, तुरा ताठ झाला आणि गडी आरशावर तुटून पडला. मी मागे पळतोय, कोंबडा आरशामागे, आणि हेडमास्तर पाय वर घेऊन खुर्चीत उभे. चार टोचा मारून झाल्यावर हवालदारानं छाती काढून दुकानात एक फेरी मारली आणि वाटीतला मका खाल्ला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी तुझ्या आरशातल्या त्या दुसऱ्या कोंबड्याला बदडायचं आणि मग जेवायचं, हा त्याचा शिरस्ता. तू आरसा नेलास आणि बिचाऱ्याचा वैरीच नेलास. माझा आरसा फळीच्या वर टांगलेला, तो त्याला दिसत नाही. हातआरशाला दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलंसुद्धा नाही. नुसत्या मुंडक्याशी भांडणं त्याला कमीपणाचं वाटत असावं.

असो. तब्येतीला जप. लेकीला, जावईबापूंना आशीर्वाद.

तुझा (अजूनही) धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तो आरसा परत मिळेल का? माझ्यासाठी नको देऊस. मुक्या जिवासाठी दे.

आणखी एक. मालगाडीनं पाठवू नकोस, तडा जाईल. तूच घेऊन ये. भिंतीतले खिळे तसेच आहेत आणि तुझ्या खुर्चीपाशी मी कुणाला उभं केलेलं नाही. "यापुढे भांडणार नाही" असं लिहिणार होतो, पण मग आपण दिवसभर करायचं काय?

शेवटचं. तुझ्या भावजयीनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "खरं लिहा, नाही तर मी लिहिते." तर खरं असं की समोरच्या भांडेवालीनं नवी कोरी परात दाराशी उभी करून ठेवली आहे. मागच्या आठवड्यापासून हवालदार रोज सकाळी परातीतल्या कोंबड्याला बदडतो, परत येऊन पोटभर खातो आणि साऱ्या गल्लीला उठवतो. ताट अर्धं टाकून उठतो तो मी. आरसा नाही आणलास तरी चालेल.