ताइनाराच्या टाचेचं रक्त

इराती, ९ जुलै २००९

वाल्दोमीरोदादा,

नमस्कार. इकडे थंडी फार आहे. गुडघे सोडले तर आई बरी आहे. तू बरा असशीलच.

माझ्या ताइनाराला पुरलं त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून तू म्हणालास, "देवाची मर्जी." मी मान हलवली. नंतर स्वयंपाकघरात कॉफी गाळता गाळता वहिनी रडायला लागली. म्हणाली, "आमच्या नेल्सोलाही हेच होतं गं. तेव्हा आमचं रक्त तपासलं. दोष ह्यांच्यात निघाला."

आम्हाला तू सांगितलं होतंस, नेल्सो तापानं गेला.

डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. पेशी बेताल वाढू लागल्या की त्यांना आवरणारा एक जनुक असतो, आपल्या घरात तोच बिघडलेला उतरतो. प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. ज्याच्यात उतरला त्याला कॅन्सर होतोच असं नाही, पण झाला तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत अगदी लहानपणीच गाठ धरते. वेळेत सापडली तर कापून काढता येते.

गेल्या वर्षी ईस्टरला तू आला होतास. दोन वर्षांची पोर, आवाज घोगरा, गालांवर मुरमं. तू हसून म्हणालास, "ही ट्रक चालवणार!" नेल्सोचंही असंच सुरू झालं होतं, हे त्या टेबलावर तुला आणि वहिनीलाच ठाऊक होतं. ती ताटात बघत बसली. तुमच्या जोसियानेचं लग्न तोंडावर होतं ना.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ताइनारा जन्मली तेव्हा, सगळ्याच बाळांचं घेतात तसं, तपासणीसाठी तिच्या टाचेचं रक्त घेतलं होतं. महिन्याभरानं पत्र आलं: दोष दिसतोय, बाळाला घेऊन या. मी तुला फोन केला. तू म्हणालास, "सरकारी लोकांना उगाच घाबरवायची सवय असते. फाडून टाक."

फाडलं मीच. तू माझा हात धरला नव्हतास. दादा सांगतोय म्हटल्यावर मला बरंच वाटलं, कारण मला जायचंच नव्हतं. हे मी नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

काल जोसियानेकडे गेले. सातवा महिना, तिला त्रास नको, असं तू सगळ्यांना बजावलं होतंस. मी तिला सगळं सांगितलं, मी फाडलेल्या पत्राचंसुद्धा. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

मंगळवारी ती रक्त तपासून घ्यायला जाणार आहे. मी सोबत असेन. तू येऊ नकोस, असा तिचा निरोप आहे.

आईला भेटायचं असेल तर रविवारी ये. मी घरी नसेन.

ताइनाराची आई,
झुल्मीरा